डाव्या चपलेतली ओल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या दवाखाना समितीचे चेअरमन माननीय काकासाहेब धांडे, प्रमुख पाहुणे सरपंच भिमाजीराव, समितीचे सर्व सन्माननीय सभासद, आपल्या दवाखान्याच्या नर्स आणि आजच्या सत्कारमूर्ती सौ. रेबेकाबाई भिंगारदिवे, त्यांचे यजमान जॉर्ज गुरुजी, आणि या उन्हाच्या तडाख्यात, दुष्काळी कामावरचा खाडा सोसून इथे आलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो,

माझ्या आधी चार जण बोलले. सगळेच चांगलं बोलले. बाईंनी सव्वीस वर्षांत किती बाळंतपणं केली, पटकीच्या साथीत त्या किती दिवस घरी गेल्या नाहीत, हे सरपंचांनी सांगितलं. ते सगळं खरं आहे. माझ्याकडूनही तसंच काही अपेक्षित असणार. दवाखान्याचा डॉक्टर या नात्याने मी शेवटी बोलावं, आभाराचे चार शब्द म्हणावेत आणि मग चहा व्हावा, असं ठरलं आहे. काकासाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यांची क्षमा मागून मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. कारण मला जे सांगायचं आहे ते स्तुतीपर नाही. निदान माझ्या बाबतीत तरी नाही.

मी या गावात आलो तो अडुसष्ट साली. माझं घर राहात्याजवळचं, बागायती. पुण्याला शिकलो. इथे आलो तेव्हा माझं वय अठ्ठावीस. बाई त्या वेळी त्रेपन्न वर्षांच्या. माझ्या गळ्यात स्टेथोस्कोप नवा आणि डोक्यातली हवाही नवी होती. एका गोष्टीची मला पहिल्या आठवड्यापासून अडचण वाटू लागली. साखरेचा आजार असलेला कुणीही माणूस आला, की बाई त्याला बाकावर बसवायच्या, स्वतः बुटक्या पाटावर बसायच्या, त्याचा पाय मांडीवर घ्यायच्या आणि तळवा पुसून बघायच्या. बोटांच्या बेचक्यात बघायच्या. मग कापसाची वात करून तळव्यावरून फिरवायच्या आणि विचारायच्या, "कळतंय का?"

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे कुणी आपला पाय मांडीवर घेणं हे सोपं आहे का? म्हातारी माणसं संकोचायची. पाय ओढून घ्यायची. त्यातून बाई नर्सिंग शिकल्या त्या मिशनच्या शाळेत, आणि पहिली काही वर्षं त्यांनी महारोग्यांच्या वसाहतीत काढलेली. हे गावाला माहीत होतं. त्यामुळे बाईंनी पायाला कापूस लावला की लोकांना वाटायचं, बाईला आपल्यावर तसला काही संशय आहे. एकदोघांनी माझ्याकडे तक्रारही केली. मी बाईंना विचारलं, हे कशासाठी करता? त्या म्हणाल्या, वसाहतीत त्यांनी बघितलं होतं की पायाची जाणीव गेली की माणूस जखमेवरून चालत राहतो. साखरेच्या जुन्या पेशंटांचंही तसंच होतं, हे त्यांना पुढे कळलं. "जो पाय दुखत नाही, तो स्वतःहून काही सांगत नाही डॉक्टर. त्याला रोज जाऊन विचारावं लागतं."

मी मान डोलावली. आत काही शिरलं नाही. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण बाहेर चाळीस माणसं उभी असताना एकेकाच्या पायाशी पाच-पाच मिनिटं घालवणं मला परवडत नव्हतं. लघवी तपासावी, नळीतला रंग बघावा, निळा राहिला तर ठीक, विटकरी आला तर गोळी वाढवावी. झालं. एवढाच माझा मधुमेह होता.

रंगनाथ बोत्रे यांना आपण सगळे रंगनाथ टेलर म्हणून ओळखतो. या सभागृहातल्या निम्म्या लोकांच्या अंगावर आज त्यांच्या हातचे कपडे असतील. ते इथेच, दुसऱ्या रांगेत बसले आहेत. मी आज त्यांची गोष्ट त्यांना विचारून सांगतो आहे.

एकाहत्तर सालची दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. बाजारचा दिवस. रंगनाथराव साखरेच्या गोळ्या न्यायला आले. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण चपला दाराबाहेर काढतो हे तुम्हाला माहीत आहे. बाई पाणी भरायला बाहेर गेल्या होत्या, त्या आत आल्या आणि माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, रंगनाथरावांच्या डाव्या चपलेत ओल आहे. पाय बघू द्या मला."

माझ्या हातात नळी होती. रंग विटकरी आला होता. खोलीत दहा-बारा माणसं होती. मी नळीवरची नजरही न काढता म्हणालो, "बाई, हा दवाखाना आहे. पाद्यपूजा करायची असेल तर घरी करा. पुढचा पेशंट घ्या."

लोक हसले. मला माझा विनोद आवडला. रंगनाथरावही हसले. बाई पुढच्या माणसाचं नाव पुकारायला गेल्या.

मंडळी, मी या वाक्याबद्दल दीड वर्ष विचार करतो आहे. ते वाक्य बोलायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात पाय बघून झाला असता.

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर बाई रंगनाथरावांच्या दुकानात गेल्या. हे मला फार उशिरा समजलं. दिवाळीची शिलाई अंगावर आलेली, मशीन थांबवायला त्यांना फुरसत नव्हती. बाई म्हणाल्या, एकदा पाय दाखवा. त्यावर रंगनाथराव म्हणाले की काल डॉक्टरांनी तपासलंय, काही असतं तर ते बोलले असते. पायाला काही दुखत नाही, खुपत नाही. आता बाईंनी काय म्हणावं? डॉक्टरांनी पाय बघितलाच नाही, असं म्हणावं? त्या परत आल्या.

नवव्या दिवशी चांगुणाबाईंनी नवऱ्याला, म्हणजे रंगनाथरावांना, बैलगाडीत घालून आणलं. अंगात ताप होता, पाय पोटरीपर्यंत सुजून काळानिळा झाला होता. वास दारातच आला. मी तळव्याला चीर दिली आणि आतून पू आला, त्याबरोबर शिलाई मशीनच्या सुईचा अर्धा तुकडा निघाला. मशीनवर मोडलेली सुई जमिनीवर पडली होती, अनवाणी पायाखाली आली आणि आत गेली. किती दिवस आत होती कुणास ठाऊक. हा माणूस त्या पायाने दिवसभर मशीन मारत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. काकासाहेबांनी स्वतःची जीप दिली म्हणून आम्ही नगरला वेळेत पोचलो. जीव वाचला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती असं कुणी म्हणेल. डॉक्टर म्हणून हातून चुका होतात. पण मला लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

दिवाळीनंतर समितीची बैठक झाली. काकासाहेबांनी सरळ विचारलं, की माणूस दवाखान्यात येऊन गेला होता, मग हे लक्षात कसं आलं नाही? पाय बघण्याचं काम कुणाकडे असतं?

मी म्हणालो, "ड्रेसिंग आणि पाय बघणं बाईंकडे असतं."

वाक्य खरं होतं. म्हणून ते उच्चारताना माझी जीभ कुठे अडली नाही. एवढं बोलून मी थांबलो. पुढचं वाक्य, म्हणजे मीच त्यांना बघू दिलं नाही, हे मी बोललो नाही. कुणी विचारलंही नाही. बाईंना बैठकीला बोलावलेलं नव्हतं. समितीने त्यांना हलगर्जीपणाबद्दल लेखी ताकीद दिली. तो कागद त्यांच्या हातात मीच दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, खाली "वाचले" असं लिहून सही केली आणि मला परत दिला. मग मला विचारलं की बँडेजचे रोल संपत आलेत, मागणी करायची का. मी म्हणालो, करा.

गावात बातमी पसरायला किती वेळ लागतो? बाईंनी बघितलं नाही म्हणून टेलरचा पाय गेला, असं झालं. चांगुणाबाईंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आडावर दोघी समोर आल्या तर चांगुणाबाई तोंड फिरवायच्या. आणि हे चालू असताना बाई तीन महिने दररोज त्याच घरात जाऊन रंगनाथरावांच्या पायाची पट्टी बदलत होत्या. त्यांना कुणी या म्हणत नव्हतं, बसा म्हणत नव्हतं. गरम पाणी ओसरीवर ठेवलेलं असायचं. त्या पट्टी करायच्या, हात धुवायच्या आणि निघायच्या. उरलेल्या उजव्या पायाचा तळवाही त्या रोज बघायच्या. मी हे सगळं पाहत होतो. रोज मनाशी म्हणायचो, जखम भरली की सांगू. जखम भरली. मग म्हणालो, नवं मशीन आलं की सांगू. हाताने फिरवायचं मशीन बाईंनीच नगरमध्ये कुणाकुणाला विचारून शोधलं. मग दुष्काळ आला. दुष्काळात कुठे असली गोष्ट काढायची? माणूस स्वतःला किती सवलती देतो बघा.

एक मात्र झालं. माझ्या त्या विनोदापासून उचलून ठेवलेला पाट ताकीद मिळाल्यानंतरच्या सोमवारी बाईंनी पुन्हा मांडला आणि पाय बघायला सुरुवात केली. मी अडवलं नाही. अडवायला तोंड नव्हतं. गेल्या वर्षभरात पाणी नाही म्हणून त्यांनी एकेका पेशंटला अर्ध्या तांब्याचा नेम केला आणि काम चालू ठेवलं. सुट्टीच्या दिवशी त्या पाझर तलावाच्या कामावर गेल्या, तापलेल्या मुरमावर अनवाणी उभ्या असलेल्या साखरेच्या दोन पेशंटांना त्यांनी शोधून काढलं. दोघांच्याही तळव्यांना फोड आले होते. दोघांनाही पत्ता नव्हता. त्यांचे पाय आज शाबूत आहेत.

मागच्या महिन्यात बाईंच्या निवृत्तीचे कागद करायचे होते. त्यासाठी मी त्यांची फाईल काढली. वरच तो ताकिदीचा कागद. सव्वीस वर्षांत वाईट शेरा म्हणून एवढा एकच. तारखा जुळवायला मी ड्रेसिंगचं जुनं रजिस्टर उघडलं. बाजारच्या त्या दिवसाच्या पानावर बाईंच्या अक्षरात ओळ होती. 'रंगनाथ बोत्रे. डावी चप्पल आतून ओली. पाय पाहता आला नाही.' आणि दुसऱ्या दिवशी, 'दुकानात गेले. दाखवला नाही.'

म्हणजे पुरावा होता. तो कपाटात होता. त्यांनी तो समितीपुढे ठेवला असता तर ताकीद मला मिळाली असती.

मी बाईंना आत बोलावलं, रजिस्टर पुढे ठेवलं आणि विचारलं की तुम्ही हे दाखवलं का नाही. मला वाटलं होतं, त्या म्हणतील जाऊ द्या, झालं गेलं. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत. त्या बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही नवे होता. डॉक्टरच चुकला म्हटल्यावर लोक इथं यायचे बंद झाले असते. अंगारे-धुपारे करत बसले असते. मग मी पाय कुणाचे बघायचे?" मग रजिस्टर मिटून म्हणाल्या, "पण मला राग आला नाही असं समजू नका. दीड वर्ष झालं, मी तुमच्याशी कामापुरतंच बोलते. तुमच्या ते ध्यानात आलं नाही."

खरंच आलं नव्हतं. आधी त्या मला जॉर्ज गुरुजींच्या शाळेतल्या गमती सांगायच्या. माझ्या मुलीची चौकशी करायच्या. ते केव्हा बंद झालं, मला सांगता आलं नाही.

मी म्हणालो, तुमच्या निरोपाच्या दिवशी मी हे सगळ्यांसमोर सांगतो. त्या म्हणाल्या, "आधी रंगनाथरावांना सांगा. चारचौघांत ऐकायची पाळी त्यांच्यावर आणू नका."

गेल्या शुक्रवारी मी बोत्र्यांच्या घरी गेलो. रंगनाथराव मशीनवर होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चपलेचं, माझ्या विनोदाचं, बैठकीतल्या वाक्याचं. ते हाताने चाक फिरवत राहिले. एक अख्खी बाही शिवून झाली. मग दोरा तोडून म्हणाले, "डॉक्टर, त्या दिशी मीबी हसलो हुतो."

चांगुणाबाई चुलीपाशी होत्या. त्या बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "मंग मी दीड वरीस त्या बाईला पानीसुदिक विचारलं न्हाई, त्याचं काय?" एका माणसाचा पाय गेला तो दिसतो. पण दोन घरांमधलं बोलणं गेलं, तेही माझ्यामुळेच. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाई बाईंच्या घरी गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. त्या दोघी आज शेजारी बसल्या आहेत, एवढं मला इथून दिसतं आहे.

समितीला मी लेखी कळवलं. काकासाहेब माझ्यावर रागावले. त्यांनी रागवायलाच हवं होतं. काल समितीने बाईंची ताकीद रद्द केली. त्याऐवजी माझं पत्र लागलं आहे, ते माझ्या फाईलमध्ये माझ्या नावाने राहील.

नाही, कृपा करून टाळ्या वाजवू नका. जिला टाळ्या पडाव्यात अशी ही गोष्ट नाही. दीड वर्ष उशिरा सांगितलेलं खरं आहे हे.

आता थोडं कामाचं बोलू द्या. या सभागृहात साखरेचा आजार असलेली वीसेक माणसं आहेत. मी नावं घेत नाही, पण तुम्हाला ठाऊक आहे. बाई तुम्हाला जे पुन्हा पुन्हा सांगत आल्या ते आज माझ्या तोंडून ऐका. अनवाणी चालू नका, घरातसुद्धा, देवळात जायचं असलं तरी तापलेल्या फरशीवरून जाऊ नका. चप्पल घालायच्या आधी ती उलटी करून झटका. कुरूप ब्लेडने कोरू नका. थंडीत पाय शेकोटीला लावू नका, पाणी गरम आहे की नाही हे पायाने बघू नका, हाताने बघा, कारण पाय खोटं सांगेल. आणि रोज, आंघोळ झाली की पाय कोरडे करून तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा, नाहीतर घरातल्या माणसाला बघायला सांगा. यात लाजायचं काही नाही. लाज वाटण्यासारखं काय असतं ते मी मघापासून सांगतोच आहे.

बाई गेल्यावर हे काम कोण करणार, असं मला परवा एकाने विचारलं. नवीन नर्स येईल तेव्हा येईल. पण बाईंनी मागच्या चार दिवसांत मला शिकवलं आहे. पुण्याच्या कॉलेजात जे शिकायचं राहून गेलं ते. पाट बुटका लागतो, कारण वरून बघितलं तर तळवा दिसत नाही. पाय आपल्या मांडीवर घ्यावा लागतो. कापूस फिरवताना पेशंटला डोळे मिटायला सांगायचे.

काल सकाळी पहिले आले रंगनाथराव. मी पाटावर बसलो. त्यांचा उजवा पाय, तो एकच उरलेला पाय, मी मांडीवर घेतला. ते संकोचले, मीही. तळवा पुसला, टाच बघितली, नखं बघितली. म्हणालो, चांगला आहे. बाई माझ्या मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घाई करू नका. बोटं फाकवा."

मी बोटं एकेक करून फाकवली. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मध्ये, वरून अजिबात दिसणार नाही अशा जागी, एक चीर होती. तांदळाच्या दाण्याएवढी. ओलसर. मी रंगनाथरावांना विचारलं, इथे काही होतंय का? ते म्हणाले, "न्हाई बा. काय हाय तिथं?"

मी ती जागा धुतली, कोरडी केली, औषध लावून पट्टी ठेवली. त्यांना म्हणालो, उद्या पुन्हा या. आज सकाळी ते आले होते. चीर सुकते आहे. उद्याही त्यांना बोलावलं आहे, आणि ती भरेपर्यंत रोज.

बाई, जॉर्ज गुरुजी, तुम्हा दोघांना पुढच्या आयुष्यात स्वास्थ्य आणि भरपूर विश्रांती लाभो. बाईंना आभाराचे शब्द ऐकवण्याचा अधिकार मला नाही, म्हणून ते मी समितीच्या वतीने आणि गावाच्या वतीने म्हणतो. अध्यक्षमहाराजांनी आणि पाहुण्यांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात एखादा शब्द उणाअधिक झाला असेल, कुणाचं नाव राहून गेलं असेल, तर तेवढं आपण उदार मनाने पोटात घालावं. बोलण्याबाहेरची जी चूक आहे, ती मात्र पोटात घालू नका, लक्षात ठेवा.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी पाटावर बसलेला असेन. चपला दाराबाहेर काढा आणि आत या.